गव्हाणीतला क्रम: गाईला कसं खाऊ घालायचं आणि कोठीपोटात त्याचं काय होतं

दुधाचा नवा गोठा टाकणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पेंडीचा. कोणती घ्यावी, पोतं कितीला, गाईला किती किलो घालावी? प्रश्न रास्त आहे, कारण गोठ्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग खाद्याचाच असतो. पण एकाच दुकानातून एकाच पेंडीची पोती नेणाऱ्या दोन गोठ्यांत एकाच्या दुधाचं फॅट ३.८ टक्के लागतं आणि दुसऱ्याचं ३.१ वर अडकतं, हे कोणत्याही दूध संकलन केंद्रावर चार दिवस उभं राहिलं तरी दिसेल. पेंड सारखीच असते. फरक असतो तो ती कधी दिली, कशाच्या आधी दिली, एका वेळी किती दिली आणि सोबतचा चारा किती बारीक केला यात. हा लेख तेवढ्यापुरताच आहे. समोर धरली आहे ती आपल्याकडची नेहमीची होल्स्टिन संकरित गाय. म्हशीलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

आधी कोठीपोट समजून घ्या

गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला सगळ्यात मोठा डाव्या बाजूचा, तो कोठीपोट. मोठ्या गाईत त्याची क्षमता १०० ते १५० लिटर, कधी त्याहून जास्त. तिथे गाय स्वतः काही पचवत नाही. तिथले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी चारा कुजवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. तिला लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण ७० टक्के वाटा या आम्लांतूनच येतो. शिवाय हे सूक्ष्मजीव पुढच्या कप्प्यांत वाहून गेले की तिथे स्वतःच पचतात, आणि दुधातल्या प्रथिनांसाठी लागणारा मोठा कच्चा माल त्यातून मिळतो.

ज्याच्या दारात गोबरगॅस आहे त्याला हे पटकन कळेल. टाकीत रोज शेण बेताने गेलं तर गॅस नीट येतो, आणि एके दिवशी घमेलंभर शिळा भात टाकला तर टाकी आंबते, गॅस बंद पडतो. कोठीपोटही असंच आंबतं. फरक इतकाच की टाकी आंबली तर चूल बंद पडते, कोठीपोट आंबलं तर गाय बसते.

चाऱ्यातल्या तंतूंपासून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल बनतं. त्यावर दुधातलं फॅट अवलंबून असतं. मका, गहू अशा धान्याच्या पिठूळ भागातून प्रोपिओनिक आम्ल जास्त निघतं. यकृत त्याची साखर करतं आणि कास त्या साखरेतून दुधातली साखर बनवते, म्हणून दुधाचे लिटर त्यावर ठरतात. दोन्ही हवीत. अडचण वेगाची आहे. धान्य झपाट्याने आंबतं, तंतू सावकाश. एकदम जास्त धान्य आत गेलं की आम्ल शोषलं जाण्याआधी साठतं आणि कोठीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) घसरतो. निरोगी गाईत तो ६ ते ६.८ च्या दरम्यान असतो. रोज काही तास तो ५.८ च्या खाली राहू लागला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, फॅट उतरतं, गाय कधी खाते कधी नाही. याला छुपी आम्लता म्हणतात. ५ च्या आसपास गेला तर ती छुपी राहत नाही, जनावर दगावू शकतं.

यावर गाईकडे स्वतःचा इलाज आहे, लाळ. दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ ती गिळते आणि त्या लाळेत भरपूर बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातलाच क्षार असतो. पण लाळ सुटते ती चावताना आणि रवंथ करताना. चांगली गाय दिवसातले ७ ते ९ तास रवंथात घालवते. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात: ती चावेल, रवंथ करेल आणि आम्ल एकदम साठणार नाही, असं खायला द्या.

हिशेब एकदा कागदावर मांडा

४५० किलो वजनाची, १५ लिटर दूध देणारी गाय धरू. तिला दिवसाला वजनाच्या तीन टक्क्यांहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे १४ किलो कोरडं खाद्य लागतं. कोरडं म्हणजे त्यातलं पाणी वजा जाता उरतं ते.

पेंडीचा आपल्याकडचा ठोकताळा असा: शरीराच्या पोषणासाठी १ ते दीड किलो आणि दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. १५ लिटरला ६ किलो आणि वरची एक, अशी ७ किलो. त्यातलं कोरडं सव्वासहा किलोच्या आसपास. हिरवं संकरित नेपियर गवत २० किलो दिलं तर त्यात कोरडं जेमतेम ४ किलो, बाकी पाणी. कडबा ४ किलो, त्यातलं कोरडं साडेतीन किलोच्या थोडं वर. बेरीज १४ किलोच्या जवळ येते आणि चाऱ्याचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त पडतो. हा वाटा ४० टक्क्यांच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. कडबा महागला की लोक पेंड वाढवून भरपाई करतात आणि तिथूनच बहुतेक दुखणी सुरू होतात.

वजनकाटा घ्या. पाटी, घमेलं, डबा ही मापं फसवी असतात. एका डब्यात गोळी पेंड मावते त्याहून मक्याचा भरडा वेगळ्या वजनाचा मावतो.

पेंडीआधी चारा

सकाळी गोठ्यात शिरलं की बहुतेकजण आधी पेंडीचं घमेलं ठेवतात, कारण त्याशिवाय गाय धारेला उभी राहत नाही. रात्रभर गव्हाण रिकामी, पोटात लाळ कमी, आणि त्या रिकाम्या पोटात तीन-चार किलो पेंड पाच मिनिटांत जाते. पेंड मऊ, चावायला काही नाही, म्हणून लाळही सुटत नाही. पुढच्या दोन-चार तासांत सामूचा तळ गाठला जातो.

म्हणून धारेच्या अर्धा-पाऊण तास आधी किलोभर कडब्याची कुट्टी टाका. ती चावताना लाळ सुटते आणि कोठीपोटात कोरड्या चाऱ्याचा थर तयार होतो. त्यावर पडलेलं धान्य त्या थरात अडकून सावकाश आंबतं. दूध काढताना थोडी पेंड द्यायला हरकत नाही. धार झाल्यावर लगेच हिरवा चारा टाका. याचा दुसराही फायदा आहे: सडांची तोंडं मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गाय खात उभी राहते, ओल्या जमिनीवर बसत नाही, आणि कासदाहाचा धोका कमी होतो.

वरच्याच गाईचं वेळापत्रक असं बसवता येईल. पहाटे ५ ला कुट्टी १ किलो. धारेच्या वेळी पेंड २ किलो. धारेनंतर हिरवा चारा १० किलो. ११ वाजता कुट्टी १ किलो, तिच्यातच कालवून पेंड दीड किलो. दुपारी ४ ला पुन्हा कुट्टी १ किलो, संध्याकाळच्या धारेला पेंड २ किलो, नंतर हिरवा १० किलो. रात्री ९ ला उरलेली कुट्टी आणि दीड किलो पेंड एकत्र. एकूण खाद्यात एका ग्रॅमचाही फरक नाही, नुसती वाटणी बदलली. नोकरी सांभाळून गोठा करणाऱ्याला सकाळी ११ ची पाळी जमत नाही, हे मान्य. मग घरातल्या कुणाला तरी ती द्या, पण ७ किलो पेंड दोन वेळांत उरकू नका. एका वेळी अडीच किलोच्या वर जाऊ नये असा दंडक ठेवा.

रात्रीची कुट्टी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. संध्याकाळी सातला गव्हाण रिकामी झाली तर पहाटेपर्यंत दहा तासांचा उपास होतो आणि सकाळी गाय अधाशासारखी तुटून पडते. तिने सावकाश, थोडं थोडं, दिवसभर खावं. गव्हाणीत सकाळी मूठभर शिल्लक दिसली तर ती नासाडी समजू नका, गाईचं पोट भरल्याची ती खूण आहे.

आंबोणाबद्दल

पेंड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पातळ आंबोण द्यायची पद्धत घराघरांत आहे, आणि आजी-आजोबांनी चालवलेली म्हणून ती मोडायला कुणी तयार नसतं. दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गावरान गाईला मूठभर भरड्याचं आंबोण दिलं तर काही बिघडत नव्हतं. १५ लिटरच्या गाईला तीन किलोंचं आंबोण म्हणजे न चावता प्यायलेलं धान्य. लाळ सुटत नाही, आणि उन्हाळ्यात ते बादलीतच आंबून आंबट होतं. पेंड कोरडी द्या, किंवा धुरळा बसण्यापुरता पाण्याचा शिपका मारा. शेंगदाणा पेंडीच्या टणक खापा किंवा सरकी ढेप फोडण्यासाठी तास-दोन तास भिजवायला हरकत नाही, पण पाणी मोजकंच.

दळण्याचंही तसंच. मका भरडलेला हवा, पीठ नको. दळण जितकं बारीक, तितकं आंबणं वेगात. गव्हाचं पीठ त्यात सगळ्यात वाईट, मका त्यामानाने सावकाश आंबतो.

कुट्टी किती बारीक?

कडबाकुट्टी यंत्र आलं आणि नासाडी थांबली. अख्खी पेंढी टाकली तर गाय पाला खाते आणि धाटं पायाखाली तुडवते. पण यंत्राची पाती आवळून भुगा करण्यात काही मिळत नाही. भुसा झालेला चारा कोठीपोटातून लवकर पुढे सरकतो, पचायला वेळ मिळत नाही, आणि रवंथाची गरजच संपते. कडबा साधारण इंचभर, म्हणजे २ ते अडीच सेंटिमीटर ठेवा. नेपियर दीड इंच चालेल. मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी, मका १ ते २ सेंटिमीटर कापावा लागतो, नाहीतर तो नीट दाबला जात नाही आणि आत हवा राहून बुरशी येते. म्हणूनच नुसत्या मुरघासावर गाय ठेवू नका. त्यासोबत दोन-तीन किलो तरी लांब तंतूचा कोरडा चारा हवा. गव्हाचं काड, भाताचा पेंढा यांपैकी जे गावात मिळेल ते घ्या. सोयाबीनचं कुटार मात्र आधीच बारीक असतं, त्याला लांब तंतू मानू नका.

सगळं एकत्र कालवून द्यावं का?

चारा, मुरघास, पेंड, खनिज मिश्रण हे सगळं एकत्र करून देण्याच्या पद्धतीला टीएमआर म्हणतात. प्रत्येक घासात सगळं थोडं थोडं जातं, त्यामुळे सामूचे चढउतार कमी होतात. शास्त्राच्या बाजूने ही पद्धत उत्तम. पण तिच्यासाठी मिक्सर वॅगनच पाहिजे असं नाही. चार-पाच गाईंसाठी फरशीवर ताडपत्री पसरून फावड्याने कालवलं तरी काम होतं. हिरव्या चाऱ्याची कुट्टी वेगळी द्यायची आणि कोरडी कुट्टी, मुरघास, पेंड एवढंच एकत्र करायचं, हा छोट्या गोठ्याला परवडणारा मधला मार्ग आहे. पंचवीस-तीस गाई होईपर्यंत मिक्सरचं कर्ज घेऊ नये, असं माझं मत.

कालवण फार कोरडं असलं तर गाय जिभेने चाळून पेंड तळातून खाते आणि धाटं बाजूला सारते. दिसायला सगळं दिलं, पोटात गेलं धान्यच. यावर उपाय पाणी शिंपडणं. हाताने मूठ वळली की ओल लागावी, पण पाणी निथळू नये. खाल्ल्यावर दोन तासांनी गव्हाणीत उरलेलं हातात घेऊन बघा. नुसती लांब धाटं उरली असतील तर कुट्टी थोडी बारीक करा आणि ओल वाढवा. पेन स्टेट विद्यापीठात यासाठी चाळण्यांचा संच तयार केला आहे. त्यातल्या १९ मिलिमीटर भोकांच्या वरच्या चाळणीवर कालवणाचा २ ते ८ टक्के भाग राहावा, असा संकेत आहे. संच नसेल तर डोळा आणि मूठ पुरे.

मुक्त गोठ्यात आणखी एक भानगड असते. दांडगी गाय पहिलारूंना, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या गाईंना, गव्हाणीपासून हुसकावते. पहिलारू मग उशिरा येतात आणि घाईने खातात. दर गाईमागे दोन-अडीच फूट गव्हाण ठेवा, जमलं तर पहिलारूंचा कप्पा वेगळा करा.

खाद्य बदलताना दोन आठवडे

कोठीपोटातले सूक्ष्मजीव जे मिळतं त्यानुसार आपली संख्या बदलतात, आणि त्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. कोठीपोटाच्या आतल्या भिंतीवरचे आम्ल शोषणारे बारीक उंचवटे वाढायला तर महिन्याहून जास्त. म्हणून पेंड बदलायची, मुरघासाची बॅग पहिल्यांदा फोडायची, चारा बदलायचा, काहीही असो: पहिले तीन-चार दिवस नवं पाव भाग, पुढे निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. पोतं संपल्यावर दुकानात जाणारा माणूस हे करूच शकत नाही. जुनं एक पोतं शिल्लक असतानाच नवं आणा.

आपल्याकडे हा नियम ठरावीक वेळी हमखास मोडतो.

ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांकडून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या स्वस्तात मिळतात आणि गोठेच्या गोठे वाढ्यांवर जातात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. कोठीपोटातले काही जिवाणू ऑक्झॅलेट मोडू शकतात, पण त्यांची संख्या वाढायला वेळ द्यावा लागतो. सुरुवात थोड्याने करा, हिरव्या चाऱ्याच्या निम्म्याच्या वर वाढे नेऊ नका आणि खनिज मिश्रण चुकवू नका. चुन्याची निवळी शिंपडण्याची जुनी पद्धत याच कारणाने आली.

पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं. त्यात पाणी जास्त, तंतू कमी, शेण पातळ होतं. चरायला सोडण्याआधी कोरडा चारा खाऊ घाला. लसूणघासाचंही तसंच, ओला आणि भरपूर दिला तर पोटफुगी होते. कोवळ्या ज्वारीचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. ताण बसलेल्या, गुडघ्याएवढ्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं, ती फुलोऱ्याआधी घालूच नका.

सणांचं काय? पोळ्याला पुरणपोळी, वसुबारसेला नैवेद्य, लग्नातून उरलेला भात आणि बुंदी. नैवेद्याची एक पोळी द्यावी, गाईला आणि आपल्याला दोघांनाही बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी उरलेली टोपलीभर गव्हाणीत ओतणं म्हणजे तीव्र आम्लतेला बोलावणं. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण त्यासाठी गोबरगॅस किंवा खताचा खड्डा आहे.

आणि गाय व्याल्यावरचा खुराक. आटलेली गाय दोन महिने बहुतेक चाऱ्यावर असते. व्याली की बाजरी, गूळ आणि दाबून पेंड. दूध लवकर वाढावं ही घाई समजते, पण तिचं कोठीपोट तेव्हा धान्यासाठी तयारच नसतं. विण्याच्या तीन आठवडे आधीपासून पेंड थोडी थोडी सुरू करून २ ते ३ किलोंपर्यंत न्या. व्याल्यावर रोज पाव ते अर्धा किलो वाढवत जा. बाजरी शिजवून, थोडी, तीही या पेंडीच्या हिशेबात धरून.

पाणी आणि ऊन

पाणी पुढ्यात २४ तास हवं. दिवसातून दोनदा बादली दाखवणं म्हणजे पाणी देणं नव्हे. १५ लिटरची गाय थंडीत ६०-७० लिटर पिते, उन्हाळ्यात १०० च्या पुढे जाते. उन्हात ती धापा टाकते, लाळ गळून वाया जाते आणि रवंथ कमी होतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये खाद्याचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या, दुपारी नको.

बरोबर चाललंय का, हे कसं ओळखायचं

प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी, खाऊन झाल्यावर गोठ्यात जा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असाव्यात. एकीकडे लक्ष देऊन मोजा: एक घास वर आला की गिळेपर्यंत ५० ते ६० वेळा चावला पाहिजे. ४० च्या खाली असेल तर चारा बारीक आहे किंवा कमी आहे.

डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून ठेवा. मिनिटाला एक-दोनदा कोठीपोटाची लाट हाताला लागते. दोन मिनिटांत काहीच लागलं नाही तर काळजीचं.

शेण बघा. शेणाचा पो पसरट, वर हलक्या वळ्या असलेला हवा. पातळ, चकचकीत, बुडबुडे असलेलं शेण आम्लतेकडे बोट दाखवतं. मूठभर शेण पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा (चाळणी परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका). अख्खे किंवा अर्धे मक्याचे दाणे आणि लांब न पचलेले तंतू दिसले तर तुमचे पैसे तिथे पडले आहेत.

मग केंद्रावरची पावती. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याखाली कपात. एका गाईचं फॅट एक दिवस उतरलं तर घाबरू नका. वासरू, माज, सकाळ-संध्याकाळच्या धारेतलं अंतर, बरीच कारणं असतात. पण आठवडाभर सगळ्या गोठ्याचं फॅट घसरत असेल आणि लिटर तेवढेच असतील, तर आधी गव्हाणीकडे बघा. काही आठवड्यांनी गाई लंगडू लागल्या, खुरं वाढून वेडीवाकडी झाली, तर छुपी आम्लता बऱ्याच दिवसांपासून चालू आहे असं समजा.

सोडा, तेल आणि डॉक्टर

खायचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास पेंडीत मिसळल्याने जास्त दुधाच्या गाईंना मदत होते, उन्हाळ्यात विशेष. पण तो वाटणीतल्या चुका झाकण्यासाठी घालायचा नाही. कडबा नसेल तर सोड्याने कडबा होत नाही.

फॅट वाढावं म्हणून गोडं तेल पाजणारे बरेच भेटतात. जास्त तेल तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं आणि फॅट उलट उतरू शकतं. स्निग्धांश वाढवायचाच असेल तर कोठीपोटात न विरघळणारी बायपास फॅट मिळते, तीही तज्ज्ञाला विचारून.

गाईने मोकळी सुटून धान्याचं पोतं फस्त केलं, डावी बाजू फुगली, रवंथ बंद, दात खाते, उभी राहायला तयार नाही, यातलं काहीही दिसलं तर घरगुती काढे पाजत बसू नका. जबरदस्तीने पाजलेलं फुप्फुसात जाऊन नवं संकट उभं राहतं. उरलेलं धान्य समोरून काढा, नुसता कडबा ठेवा आणि लगेच पशुवैद्यकाला फोन करा. काय खाल्लं, किती आणि किती वाजता, एवढं फोनवरच सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे औषधं घेऊन निघतात.